पोस्टमधली पाणपोई नकाशावर आणताना

महोदय,

आषाढी वारीच्या दिवसांत पाणपोया, शौचालये, दवाखाने यांचे फोटो समाजमाध्यमांवर भरभरून येतात. त्यांवरून ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर जरूर नोंदी व्हाव्यात, पण नुसत्या फोटोवरून जागा ठरत नाही. अपलोड करताना फोटोतली स्थाननोंद बहुधा काढून टाकली जाते, आणि 'पुणे' हा टॅग अख्ख्या शहराचा असतो. म्हणून मोबाइलच्या जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश पोस्टमध्येच लिहावेत, तेही दशांशचिन्हापुढे 5 अंकांपर्यंत. 5 अंक म्हणजे साधारण मीटरभराचा नेमकेपणा. 2 अंकांवर थांबलो तर किलोमीटरभराची चूक होऊ शकते. अक्षांश नेहमी आधी. पुण्याचे 18.52, 73.85 हे आकडे उलटे पडले की खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

नोंद करणाऱ्याने पोस्टकर्त्याची परवानगी घ्यावी, फोटोतले देऊळ किंवा पूल उपग्रहचित्राशी ताडून पाहावा आणि जागा आधीच नोंदलेली नाही ना, हे तपासावे. एकच पोस्ट दहा ग्रुपांवर फिरते आणि एकाच नळाच्या तीन खुणा होतात. गुगल मॅप्सवरून काहीही उतरवू नये. परवान्यात ते बसत नाही. खात्री नसेल तिथे नकाशावर 'नोट' (शंकेची टीप) टाकावी, म्हणजे त्या भागातला कुणी जागेवर जाऊन पडताळू शकतो.

राहुट्या, अन्नदानाचे मांडव मात्र मूळ नकाशात अजिबात नकोत. पालखी पुढे गेली की ते उठतात आणि पुढच्या वर्षी वारकऱ्याची फसगत होते. त्यांच्यासाठी यूमॅपवर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या खुणा मांडू देणाऱ्या संकेतस्थळावर, वेगळा नकाशा करावा.

– ओपनस्ट्रीटमॅपचा एक स्वयंसेवक, पुणे