स्टीफन हे इंग्रजांचं नाव नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारी बारसं होतं, घर ख्रिस्ती, कितीतरी पिढ्या इथलंच, तीन एकर कोरडवाहू, कापूस न तूर. पोराचं नाव स्टीफन ठेवलं. पाळण्याची दोरी ओढता ओढता एक म्हातारी बोलून गेली, "काहून वं, इंग्रजाइचं नाव ठेवलं पोट्ट्याले?" आई काहीच बोलली नाही, मान खाली घालून पोराचं टोपडं नीट करत बसली. ते मनातून जात नाही म्हणून हे पत्र.

स्टीफन इंग्रजी नाहीच हो. मूळ ग्रीक शब्द स्तेफानोस, म्हणजे मुकुट, शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा घालायचे ना, तो. आपल्या मराठी बायबलमधे स्तेफन आहे. यरुशलेममधे विधवांना रोजचं जेवण नीट वाटलं जावं म्हणून ७ जण निवडले त्यातला हा, सातही नावं ग्रीक, आणि धर्मासाठी जीव देणारा पहिला ख्रिस्ती हाच, दगडांनी मारला त्याला. तेव्हा इंग्रजी भाषा जन्मलीसुद्धा नव्हती.

सिकंदराच्या स्वारीनंतर त्या सगळ्या मुलखात ग्रीक पसरली, म्हणून येशूच्या शिष्यांमधे अंद्रिया न फिलिप दोघंही यहुदी असून नावं ग्रीक, फिलिप म्हणजे घोड्यांवर जीव असलेला. पेत्र म्हणजे खडक. येशूने अरामी भाषेत केफा म्हटलं त्याचंच ग्रीक पेत्रोस झालं न पुढे पीटर. आपल्याकडे लेकरं जगत नसली की दगडू, धोंडू ठेवायचे, कारण वेगळं, पण अर्थाने पीटर म्हणजे आपला दगडूच.

मला सगळ्यात लागतं ते अनेसिमचं. हा गुलाम, नावाचा अर्थ उपयोगी, गुलामांची नावं अशीच असायची. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याने अनेसिमच्या मालकाला, फिलेमोनला, पत्र लिहिलं त्यात या नावावरच बोलतो, की हा आधी तुला निरुपयोगी होता, आता तुला न मला दोघांनाही उपयोगी आहे, आणि याला आता गुलाम नाही, भाऊ म्हणून घरात घे. एवढं छोटं पत्र, पण वाचताना माझे डोळे भरतात.

आणि सुरुवातीचे ख्रिस्ती लोक जुनी नावं सहसा बदलतच नव्हते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल हर्मेसला सलाम सांगतो, तो ग्रीक देवाचंच नाव घेऊन मंडळीत होता. पोरांना पौल, पेत्र नावं ठेवायची रीत वाढतेय असं तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस लिहितो, आणि त्याचं स्वतःचं नाव दारूच्या देवावरून आलेलं! चौथ्या शतकात अंत्युखिया नावाच्या शहरात तर लोक दिवे लावायचे, एकेका दिव्याला एकेक नाव, जो जास्त वेळ जळेल त्याचं नाव बाळाला, आयुष्य लांब व्हावं म्हणून. तिथला धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम यावर चिडायचा, संतांची नावं ठेवा म्हणायचा. आईबापाचा जीव मात्र सगळीकडे सारखाच.

तुम्ही रविवारी बाळांच्या नावांचे अर्थ छापता, त्यात ही नावं पण घ्या, जॉर्ज नक्की घ्या, ग्रीकमधे त्याचा अर्थ जमीन कसणारा, शेतकरी. छापून आलं की कात्रण मी स्वतः त्या आईला नेऊन देईन, आणि म्हातारीलाही वाचून दाखवीन.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ