आई, 'बरं आहे' म्हणणं आता पुरे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही आवाज खाली करून सांगितलंत ते कळलं. महिना संपत आला तरी, आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटवणाऱ्या त्या ल्युपसच्या पट्टीतल्या निम्म्या गोळ्या तशाच, आणि विचारलं की आई म्हणते, "घेतली." तुम्हाला वाटतं ती विसरते. आई काय विसरणार! भिशीत कुणाचे पैसे राहिलेत ते अजून तोंडपाठ आहे तिला. माझ्या मते आईचं मन खचलंय आणि त्यापायी गोळ्या बुडतायत.

आई, रागावू नकोस. स्टिरॉइडने तुझा चेहरा सुजला आणि विश्रामबागेतल्या त्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "तब्येत छान सुधारली हं!" तेव्हापासून भिशी सुटली. ऊन चालत नाही म्हणून संकष्टीला गणपतीच्या देवळात जाणंही सुटलं. झोप नाही, पहाटे तीनला स्वयंपाकघरात दिवा. मसालेभातसुद्धा अर्धा पानात टाकतेस, म्हणजे हद्दच झाली. "वय झालं" म्हणून हे सोडून द्यायचं नाही. ल्युपसमध्ये नैराश्य पुष्कळांना येतं. दुखण्याने, थकव्याने माणूस पिचतं, स्टिरॉइड झोप आणि मूड बिघडवतं, आणि कधीकधी ल्युपस थेट मेंदूवरच परिणाम करतो. तुझं कारण कुठलं ते घरात बसून ठरवता येणार नाही. मिरजेच्या डॉक्टरांना सांध्यांबरोबर हेही सांगायचं. दरवेळी त्यांच्यासमोर "बरं आहे" म्हणून उठून येतेस!

तुझ्या ल्युपसच्या रोजच्या गोळीची, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची, पंचाईत अशी, की आज चुकवली तर उद्या काहीच होत नाही. तिचा गुण यायलाच दोन-तीन महिने लागतात आणि शरीरातून ती जातेही सावकाश. मग वाटतं, न घेता चाललंय की! तोवर ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज आली तरी दुखत नाही, लघवीतून प्रोटीन जायला लागल्याचं तपासणीतच कळतं. या गोळीने डोळे जातात असं शेजारच्या काकू म्हणाल्या ते अर्धं खरं आहे. डोळ्याच्या पडद्याला धोका होतो तो जास्त डोस बरीच वर्षं घेतला तर. म्हणूनच डोस वजनावर ठरवतात, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासतात. तुझी यंदाची तपासणी राहिलीय, तेवढी उरकून घेऊ. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने कधीच बंद करू नकोस. बाहेरून मिळतंय म्हणून शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

बाबा, आता तुम्ही. "घेतलीस का" हा प्रश्न दिवसातून चारदा नको. चौकीत उभं केल्यासारखं विचारलं की माणूस सुटकेपुरतं उत्तर देतं. त्यापेक्षा ऊन उतरल्यावर तिला कृष्णेच्या घाटावर घेऊन जा. आणि "वेड लागलंय का मनाच्या डॉक्टरकडे जायला" हे तुमचंच वाक्य आहे, तेव्हा "चल, जाऊ या" हेही तुम्हीच म्हणायला हवं. तिथे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असल्याचं आधी सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्या तिच्याबरोबर घेतल्या तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे गरज वाटली तर ते ईसीजी काढतील. तोवर टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. फुकट आहे, मराठीत बोलतात आणि रात्री-अपरात्रीही उचलतात. पहाटे तीनला ओट्याशी बसून राहण्यापेक्षा आईने तो फिरवावा, नाहीतर मला फोन करावा.

मी शुक्रवारी रात्री येते. शनिवारी सकाळी लवकरची अपॉइंटमेंट घेतलीय, ऊन चढायच्या आत परत येऊ. फाइल आणि उरलेल्या गोळ्यांसकट सगळा डबा पिशवीत भरून ठेव, आई. त्या मोजून कुणी तुझ्यावर ओरडणार नाही. पण तू घेत नाहीस हे डॉक्टरांना कळलंच नाही, तर औषध लागू पडत नाही असं समजून ते आणखी जड औषध सुरू करतील.

तुमची,
चिमी