खुर्ची एक वीत सरकवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात. ‘मी कुठे शिकवलं, चहा तर पाजला,’ असं तुम्ही निघताना म्हणालात, पण माझ्यासाठी तुम्ही बाईच. इंग्रजी पत्र वेगळं पाठवलं आहे. हे मराठीत लिहितेय, कारण आमच्या मिरजेतल्या आणि एकूणच आपल्याकडच्या वाजवणाऱ्या मंडळींना तुम्ही कळाव्यात असं फार वाटतं.

पहिल्या संध्याकाळचं आधी सांगते. जुलै महिना, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं मिलटाउन मॅलबे हे गाव. विली क्लॅन्सी हे इथले मोठे इलन पाइप्सवादक, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायच्या आयरिश पाइप्सचे वादक. १९७३ साली ते गेले आणि त्याच वर्षीपासून त्यांच्या नावाने उन्हाळी शाळा भरते. तो आठवडा गावात पाय ठेवायला जागा नसते, घराघरांतून सूर येत असतात. मी मिरजेत रेकॉर्डिंग ऐकून व्हायोलिनवर पाच-सहा रील, म्हणजे तिथल्या नाचाच्या जलद चाली, बसवून आले होते. एका पबमध्ये वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात खुर्ची रिकामी दिसली, बसले आणि सुरू झाले. मींड घेतली, मुरक्या घेतल्या, वीस वर्षांच्या रियाजात हाताला जे लागलं होतं ते सगळं वाजवलं. कुणी काही बोललं नाही. फक्त शेजारच्या गृहस्थांनी आपली फिडल (व्हायोलिनलाच तिथे फिडल म्हणतात) मांडीवर आडवी ठेवली, आणि मग समोरच्यांनीही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आवरत नव्हतं.

तुम्ही मागोमाग आलात. समजूत घातली नाहीत. ‘उद्या ये. फिडल पेटीतच राहू दे,’ एवढंच म्हणालात.

दोन संध्याकाळी मी तुमच्या पाठीशी, भिंतीलगतच्या बाकावर बसून नुसतं ऐकलं. आमच्या बैठकीत कलाकार श्रोत्यांकडे तोंड करून बसतो, दाद आली की खुलतो. तुमच्याकडे सगळे गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसतात. श्रोत्यांना दिसतात त्या पाठीच. एक चाल साधारण तीनदा वाजते आणि न थांबता पुढची सुरू होते. कुणी सांगत नाही, ज्याने सुरुवात केली त्याच्या डोळ्यांकडे बघून बाकीच्यांना कळतं. दहा-बारा जण तीच चाल वाजवतात, पण प्रत्येकाची वळणं वेगळी. गर्दीत एकाचा आवाज वर आला की तो स्वतःच खाली येतो. इथे संगीत कुणाला ऐकवण्यासाठी नसतं, एकमेकांबरोबर असण्यासाठी असतं, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. ते पुस्तकातून कळलं नसतं, मैफलीच्या तिकिटावर तर नाहीच.

तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही एक चाल संपवलीत, बो, म्हणजे गज, गुडघ्यावर टेकवलात आणि मागे न बघता खुर्ची डावीकडे एक वीत सरकवलीत. दगडी फरशीवर पायांचा आवाज झाला. तेवढ्यावर तुमच्या शेजारच्यांनी आपली खुर्ची सरकवली, मग त्यांच्या शेजारच्यांनी. एसटीत ‘सरका जरा’ म्हटल्यावर अख्खं बाक हलतं ना, तसं. मधे माझ्यापुरती जागा झाली. मी हे पत्र त्या एक वीत जागेसाठी लिहितेय.

आणि तुमच्या स्वयंपाकघरासाठी. सोडा ब्रेड, लोणी, चुलीत पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाचा धूर, आणि खाली लिसकॅनरची काळसर फरशी. तिच्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्याशा जीवांनी सरपटताना काढलेल्या नागमोडी रेषा आहेत. तुमच्या फिडलच्या तारांखाली रोझिनची, गजाला लावायच्या राळेची, पांढरी साय साचलेली होती, तुम्ही ती पुसत नाही. मला जिग ही नाचाची चाल शिकवायला घेतलीत. सहा मात्रा, म्हणजे आमचा दादरा, असं मी मनाशी धरलं आणि तिथेच फसले. माझ्या मात्रा सारख्या वजनाच्या येत होत्या. तुमची पहिली किंचित रेंगाळते, दुसरी झटकन सुटते, तिसरी पुढच्याला ढकलते. चार वेळा वाजवून दाखवलंत. पाचव्यांदा फिडल खाली ठेवलीत, माझे दोन्ही हात धरलेत आणि मला त्या फरशीवर नाचवलंत. ऐंशीच्या घरातल्या बाई, टाच फरशीवर आपटत, तोंडाने चाल म्हणत! दोन फेऱ्यांत पायाला कळलं, आणि मग मनगटाला. लय बोमध्ये आधी येते आणि बोटांत नंतर, हे तेव्हा समजलं.

त्याच स्वयंपाकघरात तुमच्या आईवडिलांच्या काळी शेजारपाजारचे नाचायला जमत, हे तुम्ही सांगितलंत. मग १९३५ चा सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. नाचाला परवाना लागू लागला, धर्मगुरू आणि पोलीस घरातल्या नाचांवरही टपून बसले आणि खेड्यांतली स्वयंपाकघरं शांत झाली. हे सांगताना तुमचा आवाज जराही चढला नाही. पण तुम्ही मला हॉलमध्ये न नेता स्वयंपाकघरात का शिकवलंत ते मला कळलं.

पुढचा प्रवास तुम्ही लिहून दिलेल्या चिठ्ठीवर झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारात शान-नोस, म्हणजे जुन्या वळणाचं आयरिश गाणं, ऐकलं. साथीला एकही वाद्य नाही, ताल नाही, एकटा गळा आणि त्यातले बारीक कण. डोळे मिटले तर एखाद्या जुन्या गवयाची आलापी वाटावी. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या श्लीव लुखराला गेले. तिथे पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चाली वाजतात, चाल कशी धावते! पॅड्रेग ओ’कीफ हे तिथले फिरते फिडल-मास्तर. त्यांनी शिष्यांसाठी स्वतःची लिपी केली होती, चार घरं म्हणजे चार तारा आणि घरातले आकडे म्हणजे बोटं. भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिप्यांवर वाढलेली मी, तो कागद पाहून हात जोडले. डब्लिनला मेरियन स्क्वेअरवरच्या पारंपरिक संगीताच्या संग्रहालयात फिडलवादक मायकेल कोलमन ऐकला. स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेल्या या माणसाच्या तबकड्या १९२० च्या दशकात बोटीने परत आयर्लंडला आल्या आणि गावोगावचे फिडलवाले त्याच्यासारखं वाजवू लागले. तुमच्या चिठ्ठीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘जरूर ऐक. नक्कल करू नकोस.’

एक राहिलंच. तुमच्या शेजाऱ्यांनी इलन पाइप्स आणले ती दुपार. कोपराखालचा भाता हलला, आधी नुसते ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या, लागले, आणि मी खुर्चीवरून उठले. आमच्या गल्लीत दिवसभर तंबोऱ्यांची जवारी काढत बसलेले कारागीर असतात. तोच भरलेला षड्ज तुमच्या ओट्याशेजारी उभा होता. मी काहीच बोलू शकले नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत, फक्त चहा ओतलात.

तुमच्या भाषेत आभार मानताना ‘गो रेव मह अगत’ म्हणतात. शब्दशः अर्थ, तुझ्यापाशी चांगलं असो. आमची आजी कुणी मदत केली की ‘तुझं भलं होवो बाबा’ म्हणायची. तेच हे. म्हणून आयरिशमध्ये म्हणताना मला ते परकं वाटत नाही. बाई, गो रेव मह अगत.

आता एक विचारायचं आहे. शेवटच्या दिवशी शिकवलेल्या जिगचं नाव विचारलं तेव्हा तुम्ही ‘गान अनिम’ म्हणालात. मी तेच नाव वहीत लिहिलं. नंतर कळलं की त्याचा अर्थच ‘नाव नाही’. ती चाल मी रोज वाजवते. पहिला भाग पक्का आहे. दुसऱ्या भागात वरच्या षड्जावरून खाली उतरताना तुम्ही मधला एक स्वर गाळता की नुसता स्पर्श करून सोडता, हे माझ्या हातातून निसटलं आहे. दोन्ही तऱ्हांनी वाजवून पाहिलं, एकही तुमच्यासारखी वाटत नाही. रविवारी तुमच्या दुपारच्या चहाच्या वेळी फोन करते. फोन टेबलावर ठेवून तेवढी एक ओळ वाजवाल का? सावकाश, दोनदा.

तुमची,
मिरजेची व्हायोलिनवाली