रविवारच्या फिरतीबद्दल, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी आपली डिचोलीची फिरती नक्की झालीय. सकाळी ठीक ७ वाजता डिचोली बसस्टँडवर जमायचं, ठीक म्हणजे ठीक, गोंयकार टायमिंग नको, ऊन चढलं की चढणीला मजा नाही.

आधी लामगावच्या गुंफा, चिऱ्यात कोरलेल्या आहेत, आत काळोख असतो म्हणून टॉर्च आणा. मग टेकडीवरची नमाजगाह, म्हणजे नमाज पढायची जुनी जागा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, त्याच्याशी ही वास्तू जोडतात. आपल्यातले कितीतरी जण रोज खालून गाडी मारतात आणि वर कधी गेलेले नाहीत!

शेवटी नार्व्याला श्री सप्तकोटेश्वर. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचं हे दैवत, मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी मोडलं आणि देव नदी ओलांडून इकडे आले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवला, दारावरचा शिलालेख बघायला विसरू नका. २०२३ मध्ये सरकारने डागडुजी केली, माझ्या मते काम बरं झालंय.

🔸 गाड्या आपापल्या, सीट रिकामी असेल तर इथे लिहा
🔸 देवळात कपडे नीट, शॉर्ट्स नकोत, गाभाऱ्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका
🔸 पाणी आणा, प्लास्टिकचा कचरा परत न्या

पाव-भाजी बाजारात खाऊ, खर्च ज्याचा त्याने. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव टाका, नुसता अंगठा चालणार नाही.