थॉमस मिचेल यांस, तीन प्रवेशांच्या नटाकडून

प्रिय मिचेलसाहेब,
स.न.वि.वि.

हॉलिवूडचे चरित्रनट तुम्ही, 1962 सालीच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे कळतं मला. तरी लिहितो.

गेल्या वर्षी आमच्या हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं. नायक मीच, असं धरून मी दाढीसुद्धा वाढवली होती. वाट्याला आला दारुडा कंपाउंडर. तीन प्रवेश, सगळी मिळून दीड पान वाक्यं. वाचनाला मी तोंड पाडून बसलो. तालमीत झोकांड्या खाल्ल्या, जीभ जड केली, डोळे फिरवले. चहा आणणारा पोऱ्यासुद्धा हसला नाही.

त्याच आठवड्यात 'स्टेजकोच' हा जुना वेस्टर्न चित्रपट पाहिला. जॉन वेनसाठी लावला होता, खरं सांगतो. पण पाहत राहिलो तुम्हाला. डॉक बून, गावानं हाकललेला डॉक्टर. घरमालकीण बाहेर काढते, तर तुम्ही तसल्याच हाकललेल्या डॅलस नावाच्या बाईला हात देता तो एखाद्या सरदारघराण्यातल्या बाईला द्यावा तसा. व्हिस्कीच्या फिरत्या विक्रेत्याशी लगट करता ती त्याच्या नमुन्याच्या बाटल्यांसाठी, पण रीत सोडत नाही. मग वाटेत बाळंतपण येतं आणि तुम्ही काळी कॉफी घशाखाली ओतत माणसात येता. शेवटी दारूच्या गुत्त्यात ल्यूक प्लमर या खलनायकाला बंदूक ठेवून जायला लावता, आणि तो गेल्यावर दारूवाल्याला सांगता की असलं काही मला पुन्हा करू देऊ नकोस. तो प्रसंग मी सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिला. झिंग तुम्ही दाखवतच नाही. शुद्धीत आहोत हे दाखवायची त्या माणसाची धडपड तेवढी दाखवता.

या कामाला ऑस्कर मिळालं. 1939 या एकाच वर्षात तुमचे पाच चित्रपट आले, आणि 'गॉन विथ द विंड'मधला स्कार्लेटचा बाप तुम्हीच, हे मला नंतर कळलं. चित्रपट दोनदा पाहिलेला, तरी! 1953 मध्ये टीव्हीसाठीचं एमी आणि रंगभूमीसाठीचं टोनीही मिळालं. ही तिन्ही पारितोषिकं मिळवणारे पहिले पुरुष नट तुम्ही. शेवटच्या वर्षी रंगमंचावर कोलंबो हा गुप्तहेर केलात, तर ती भूमिका पुढे टीव्हीवर पीटर फॉकच्या नावावर लागली. आमच्याकडेही लोक 'अरे, तो नाही का, ह्यात होता तो' असंच म्हणतात.

'हाय नून'मधल्या मेयरची मात्र मला अजून भीती वाटते. चर्चमध्ये मार्शलचं इतकं तोंडभरून कौतुक करता की आता सगळं गाव उठणार असं वाटतं, आणि त्याच मायेच्या आवाजात त्याला गाव सोडून जायला सांगता. खलनायक परवडला.

आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधले बिलीकाका. आठवण राहावी म्हणून बोटांना दोरे बांधलेले, आणि तरी आठ हजार डॉलर हरवून बसलेले. पिऊन घरी निघालेले बिलीकाका चौकटीबाहेर जातात आणि धाडकन आवाज होतो. म्हणे सेटवर कुणाच्या तरी हातून सामान पडलं होतं. तुम्ही तिकडूनच ओरडलात, मी ठीक आहे! दिग्दर्शक काप्रानं ते चित्रपटात ठेवलं.

आमच्या प्रयोगात मी झोकांड्या सोडल्या. पहिल्या प्रवेशात फक्त शर्टाची बटणं नीट लावत राहिलो, एक घर चुकवून, अगदी मन लावून. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बिचारा." रंगमंचावर ऐकू आलं मला.

बक्षीस नायकालाच मिळालं. नवीन नाटकात मला पोस्टमन दिलाय, दोन प्रवेश. या खेपेला दाढी आधीच काढली.

तुमचा,
एक हौशी नट