त्या चिठ्ठीला फसवणूक म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांवरचा लेख काल रात्री वाचला आणि आज चहाच्याही आधी लिहायला बसले. ‘डुप्लिकेट नटी’ हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. लेखक म्हणतात की नाट्यगृहात बसल्यावर कार्यक्रमपत्रिकेतून एक चिठ्ठी पडली, मुख्य नटी रजेवर आणि तिच्या जागी ‘डुप्लिकेट’, म्हणजे परदेशी पाहुण्यांची सरळसरळ फसवणूक. ती बाई गायली कशी, उभी कशी राहिली, याबद्दल अख्ख्या पानभर लेखात एक ओळ नाही.

मी बावीस वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. जमेल त्या बुधवारी गाडीने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरायचं, टाइम्स स्क्वेअरपर्यंत चालत जायचं, लाल पायऱ्यांखालच्या टीकेटीएसच्या खिडकीसमोर रांग लावायची आणि सवलतीत मिळेल त्या तिकिटावर दुपारचा प्रयोग बघायचा, हा माझा नेम. त्यामुळे त्या चिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरमध्ये गठ्ठ्याने आहेत. ‘आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करतील’ एवढाच मजकूर असतो. प्रेक्षकाला हे कळवण्याचं बंधन निर्मात्यावर आहे, नटांच्या संघटनेने ते घालून घेतलंय. चिठ्ठी घालणं, बाहेर फलक लावणं, पडद्याआधी घोषणा करणं, असे त्याचे मार्ग ठरलेले आहेत. शिवाय नाटकाच्या नावाच्या वर ज्याचं नाव छापलेलं असतं, तो नट आला नाही तर तिकीट बदलून किंवा पैसे परत मिळतात. एवढं उघडपणे सांगितल्यावर त्याला फसवणूक म्हणायचं?

तिथे आठवड्याला आठ प्रयोग होतात. बुधवारी, शनिवारी तर दोन-दोन. माणसाचा घसा आहे, बसतोच. म्हणून अंडरस्टडी, म्हणजे मुख्य भूमिका तयार ठेवणारे बदली नट, असतात आणि त्यांच्याही पलीकडे स्विंग असतात. स्विंग म्हणजे एकाच वेळी सहा-सहा, आठ-आठ जणांच्या जागा, पावलं, गाणी डोक्यात घेऊन रोज विंगेत तयार राहणारा कलावंत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘द म्युझिक मॅन’ची नायिका सटन फॉस्टर कोविडमुळे उभी राहू शकली नाही, तेव्हा कॅथी व्हॉयट्को या स्विंगने दुपारी तालीम करून त्याच दिवशी नायिका केली. प्रयोग संपल्यावर नाटकाचा नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे ओढून आणलं आणि हे लोक म्हणजे ब्रॉडवेचा पाया आहेत असं भर नाट्यगृहात सांगितलं. ती चित्रफीत जगभर फिरली. आपल्या लेखकांपर्यंत ती पोचलेली दिसत नाही.

मला मात्र राहून राहून आठवतोय तो दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधला एक बुधवार. नाटकाचं नाव लिहीत नाही. नशिबाने दुसऱ्या रांगेतली खुर्ची मिळाली होती. चिठ्ठी घाईत कापलेली, एक कड तिरकी. माझ्या मागे आठ-दहा जणांचा घोळका होता. चिठ्ठी वाचली आणि मागून आवाज आला, “अगं, ही ती नव्हेच! फसवलं आपल्याला!” मराठीत. त्यानंतर अख्खा पहिला अंक ते चालू होतं. ती किती उंच आहे आणि ही किती बुटकी, तिला यूट्यूबवर पाहिलंय ती कशी वेगळी, दीडशे डॉलर कसे पाण्यात गेले, परत जाताना खिडकीवर भांडायचं का. आजूबाजूच्या अमेरिकन लोकांना ती नुसती कुजबुज होती, मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. दुसऱ्या भाषेतली कुजबुज कानाआड करता येते हो, आपल्या भाषेतली नाही करता येत.

आणि समोर ती मुलगी. दुसऱ्या रांगेतून मला तिच्या कमरेशी आतून घातलेली सेफ्टी पिन दिसत होती, कारण झगा दुसरीच्या मापाचा होता. पहिल्या गाण्यात तिचा डावा हात सारखा त्या पिनेशी जात होता. दुसऱ्या गाण्यापासून गेला नाही. तिसऱ्या प्रवेशात समोरच्या नटाने एक वाक्य गाळलं, तर त्याच्या वाक्यातला मुद्दा तिने स्वतःच्या वाक्यात बेमालूम घेतला आणि प्रवेश पुढे नेला. राज्य नाट्य स्पर्धेला मी चार वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे असली गोष्ट मला लगेच कळते. अंगावर काटा आला. नेमक्या त्याच क्षणी मागे कुणीतरी मोबाईल उघडून मूळ नटीचा फोटो शेजारच्या बाईंना दाखवत होतं, आणि तो पांढरा उजेड माझ्या खांद्यावरून थेट रंगमंचाच्या कडेपर्यंत गेला.

मी मागे वळून म्हटलं, “जरा हळू बोला, ती गातेय.” त्यावर उत्तर काय यावं? “अय्या, तुम्ही मराठी? कुठल्या?” गाणं चालू असताना! मी सांगलीची, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मध्यंतरानंतर त्यातले चौघे परत आलेच नाहीत. उरलेले शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खरं सांगते, त्या टाळ्यांचा मला राग आला.

लेखकांचा दुसरा आक्षेप अमेरिकेच्या स्थापनेवरच्या ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाबद्दल आहे. गोऱ्या नेत्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांना दिल्यामुळे ‘इतिहास खरा वाटत नाही’ म्हणे. २०१५ पासून रिचर्ड रॉजर्स थिएटरात ते नाटक चालू आहे आणि ही पात्रयोजना पहिल्या दिवसापासून ठरवून केलेली आहे. ख्रिस्टोफर जॅक्सन वॉशिंग्टन झाला, डेव्हिड डिग्ज जेफरसन झाला, आणि स्थलांतरितांनी घडवलेल्या देशाची गोष्ट आजच्या देशाच्या तोंडून ऐकू आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी डोक्यावर घेतली, १९२१ च्या संयुक्त प्रयोगाला धैर्यधर म्हणून केशवराव भोसले समोर आले तेव्हा मुंबईत गर्दी केली, त्यांनी असा आक्षेप घ्यावा याचं मला वाईट वाटतं. पुरुषाने नेसलेल्या शालूवर आपण विश्वास ठेवला. मग वॉशिंग्टनच्या कातडीच्या रंगाशी का अडतं?

पात्रयोजनेबद्दल भांडायचंच तर दुसरीकडे भांडा. १९९० साली ‘मिस सायगॉन’मधल्या ‘इंजिनिअर’ नावाच्या युरेशियन, म्हणजे अर्ध्या आशियाई, पात्राच्या भूमिकेसाठी जोनाथन प्राइस या गोऱ्या नटाला लंडनहून आणायचं ठरलं, तेव्हा नटांच्या संघटनेने आधी नकार दिला आणि निर्मात्याने प्रयोगच रद्द करतो म्हटल्यावर माघार घेतली. प्राइसला पुढे टोनी हा ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार मिळाला. आशियाई नटांना नायकाच्या जागेजवळ उभं राहायला त्यानंतर किती वर्षं लागली बघा. ‘अलादीन’मध्ये मायकेल मलियाकेलसारखा आपल्या वंशाचा मुलगा नायक झाला तो २०२१ मध्ये. मी नातवाला घेऊन गेले होते. नातू काही बोलला नाही, फक्त घरी येताना गाडीत सारखं कार्यक्रमपत्रिकेतला फोटो काढून बघत होता.

आणि खरा रोग आहे तो सिनेमातल्या चेहऱ्यांचा. २०२५ च्या वसंतात सिनेनट डेन्झेल वॉशिंग्टनच्या ‘ऑथेल्लो’ची पुढच्या रांगांची तिकिटं ९२१ डॉलरना विकली गेली. एवढे पैसे मोजणारा माणूस शेक्सपिअरला आलेला नसतो, चेहरा बघायला आलेला असतो. तो चेहरा दिसला नाही की त्याला पुढचं काही दिसत नाही. अंडरस्टडीचा असा अपमान होतो तो यातूनच. ‘फनी गर्ल’ने २०२२ मध्ये दुसरी वाट दाखवली होती. नायिका बीनी फेल्डस्टीन नाटक सोडून गेली आणि तिच्या जागी लिया मिशेल यायची होती, तो मधला महिना ज्युली बेंको या अंडरस्टडीने नाटक ओढलं. लिया आल्यावरही गुरुवारचे प्रयोग ज्युलीच्याच नावाने जाहीर झाले. मी मुद्दाम गुरुवारचं तिकीट काढलं. एकही डॉलर वाया गेला नाही.

आता फोटोबद्दल. लेखासोबत प्रयोग चालू असतानाचा रंगमंचाचा फोटो तुम्ही तीन कॉलम छापलात, खाली ‘छायाचित्र: लेखक’. दर प्रयोगाआधी घोषणा होते, की फोटो काढू नका, फोन बंद करा. न्यूयॉर्क शहरात प्रयोग चालू असताना मोबाईल वापरल्यास ५० डॉलर दंडाचा कायदा २००३ पासून आहे. पॅटी लुपोन या नटीने २००९ मध्ये ‘जिप्सी’चा प्रयोग थांबवून एका फोटो काढणाऱ्याला बाहेर काढायला लावलं होतं. आपल्याकडेही नट मोबाईलपायी प्रयोग थांबवतात तेव्हा तुम्हीच त्याच्या बातम्या छापता आणि प्रेक्षकांना शिस्त शिकवता. मग हा चोरून काढलेला फोटो पुरवणीत आला कसा? डेस्कवर कुणालाच खटकला नाही?

जाता जाता एक सांगते. पूर्वी तुमच्या पुरवणीत नव्या नाटकाचं परीक्षण आठवड्याच्या आत यायचं, आणि बदली नट आला तर त्याचंही नाव त्यात असायचं. आता ते अर्धं पान सहलींना गेलं. आई पुण्याहून ती कात्रणं टपालाने पाठवायची. ती कात्रणं वाचून मी इथे आल्यावर नाटक शोधत गेले. त्या पानाची मला अजून आठवण येते.

माझी मागणी फार नाही. पुढच्या रविवारी ‘डुप्लिकेट’ हा शब्द दुरुस्त करून त्या नटीचं नाव छापा, चिठ्ठीवर ते आहेच, लेखकांनी जपून ठेवली असेल तर. आणि तो फोटो इंटरनेट आवृत्तीवरून काढा.

आपली,
एक जुनी वाचक
एडिसन, न्यू जर्सी