जिमचे पत्र कोण लिहून देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘कॉलेजात हल्ली कादंबरी शिकवायची सोडून पोस्टरे आणि नाटुकली करून घेतात’ अशी तक्रार आपल्या वाचकपत्रांत नुकतीच वाचली. मी गेली 22 वर्षे एम.ए.च्या मुलांना अमेरिकन साहित्य शिकवते. तक्रार निम्मी खरी आहे. दारुड्या बापाच्या भीतीने पळालेला पोरगा हक आणि विकले जाण्याच्या भीतीने पळालेला गुलाम जिम मिसिसिपी नदीवर तराफ्यातून जातात, त्या मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीवर तराफ्याचे चित्र आणि कडेने चमकी लावलेली पोस्टरे मीही तपासली आहेत. ती करायला कादंबरी उघडावी लागत नाही. पण ‘हकचे स्वभावचित्र रेखाटा’ या ठरलेल्या प्रश्नालाही ती उघडावी लागत नाही, गाइडमधली दीड पाने पाठ असली की भागते. मुलांना काम असे द्यावे, की पुन्हा पुन्हा पुस्तकात गेल्याशिवाय ते पुरेच होऊ नये.

या कादंबरीच्या 31व्या प्रकरणात हक मिस वॉटसनला पत्र लिहितो, तुमचा पळालेला गुलाम जिम इथे आहे म्हणून. गुलामाला पळून जायला मदत करणे पाप, असेच त्याला शिकवलेले असते. तरी नरकात जायची तयारी ठेवून तो ते पत्र फाडतो. इथे हकची डायरी लिहायला सांगण्याची पद्धत आहे. मी एका वर्षी जिमने बायकोला पाठवलेले पत्र लिहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, “मॅडम, जिमला लिहिता कुठे येते? मग पत्र लिहून कोण देणार?”

हकच देणार. म्हणजे हकला कळू द्यायचे नाही, ते पत्रात येणार नाही. मग वर्ग शोधायला लागला, जिम हकपासून काय लपवतो? नवव्या प्रकरणात पुरात वाहत आलेल्या घरात एक मेलेला माणूस सापडतो आणि जिम हकला त्याचा चेहरा पाहू देत नाही. तो हकचा बाप होता, हे कळते थेट शेवटच्या प्रकरणात. जिम गप्प राहिला तो पोराच्या मायेने, की बापाची भीती संपली तर हक घरी परत जाईल म्हणून? दोन तास वाद चालला, तोही पाने उलटून दाखवत. एका मुलाने जिमच्या मुलीचा प्रसंग घेतला होता. तापात तिचे कान गेले होते हे ठाऊक नसल्याने, ऐकत नाही म्हणून जिमने तिला मारले होते. हे तो हकला सांगतो, पण बायकोला कळवेल का? त्या मुलाने तो परिच्छेद लिहिला, त्यावर काट मारली आणि कागद तसाच माझ्या हाती दिला.

बी.कॉम. करून इंग्रजीकडे वळलेल्या एका विद्यार्थ्याने जिमच्या किमतीची खतावणी मांडली. व्यापाऱ्याकडून मिस वॉटसनला मिळू शकणारे 800 डॉलर. तो पळाल्यावर लागलेले इनाम, 300. ‘राजा’ म्हणवणारा भामटा त्याच्यावरचा हक्क विकतो, 40. शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर, आपल्या लुटूपुटूच्या सुटकेच्या खेळात कैदी होऊन राहिल्याबद्दल, जिमच्याच हातावर ठेवतो तेही 40. आणि तोवर मिस वॉटसनच्या मृत्युपत्राने जिम मुक्त झालेला असतो, हे टॉमला ठाऊक असते! खाली आणखी एक ओळ होती: ‘बायको व दोन मुले’, पुढे रक्कम कोरी. त्यांना विकत घेऊन सोडवायचे हेच तर जिमचे स्वप्न. इतक्या वर्षांत मी हे आकडे कधी एकत्र मांडून पाहिले नव्हते.

नकाशाचे कामही चांगले होते. मिसिसिपीला ओहायो नदी मिळते त्या केरो गावाहून गुलामी नसलेल्या राज्यांकडे वळायचे असते, पण ते गाव धुक्यात मागे पडते आणि तिथून पुढचा प्रत्येक मैल जिमला गुलामीच्या मुलखात आणखी खोल नेतो, हे नकाशावर बोट ठेवले की लगेच कळते.

काही गोष्टी मात्र करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गुलामांचा लिलाव वर्गात वठवू नये. कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठीची शिवी 200हून अधिक वेळा येते. ती छापलेली वाचावी, तिच्याबद्दल बोलावे, पण संवाद म्हणून मोठ्याने म्हणायला लावू नये. जातीवरून दिलेली शिवी ऐकलेली मुले आपल्या वर्गांत बसलेली असतात. भाषांतराच्या एका तासाला कुणी हकला प्रमाण मराठी दिली आणि जिमला वऱ्हाडी. वर्ग हसला. अकोल्याकडची एक मुलगी हसली नाही. चूक माझी होती. मुळात हकही बोलीतच बोलतो, हे मी आधी सांगायला हवे होते. अमेरिकन लेखक पर्सिव्हल एव्हरेट यांनी ‘जेम्स’ या कादंबरीत (2024) हक आणि जिमची हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली आहे. त्यात गुलाम गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडके बोलतात आणि आपापसांत उत्तम इंग्रजी. कादंबरीसाठीचा 2025चा पुलित्झर हा अमेरिकन पुरस्कार तिला मिळाला. आता भाषांतराआधी मी त्यातली काही पाने वाचून दाखवते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी एकच विनंती आहे. अमेरिकन साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न ठेवा, निदान 10 गुणांचा, आणि तो लिहिताना मुलांना कादंबरी समोर ठेवू द्या.

– इंग्रजीची एक प्राध्यापिका, सांगली